आईचे विस्मरण आणि विहिरीकाठची ब्राह्मी

वाचक भगिनीचे पत्र (संक्षेपाने): माझी आई ७२ वर्षांची आहे. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. गेले आठ-नऊ महिने ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, ओळखीच्या माणसांची नावे अडतात, आणि मागच्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून ती शेजारी निघून गेली. ती अनेक वर्षे थायरॉइडची गोळी घेते, रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल घेते आणि सर्दी-शिंकांसाठी दुकानातून आणलेली गोळी जवळजवळ रोज रात्री घेते. माझ्या मामेभावाने मला एक लेख पाठवला. ब्राह्मीमुळे मेंदूतील अँटिऑक्सिडंट (पेशींना इजा करणारे अस्थिर कण निष्प्रभ करणारी द्रव्ये) वाढतात आणि मेंदूच्या पेशींचे रक्षण होते, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे, असे त्यात आहे. तो म्हणतो, डॉक्टर ‘वय झाले’ एवढेच सांगतील, त्यापेक्षा आपण ब्राह्मी सुरू करू. आमच्या विहिरीपाशी गोल पानांची ब्राह्मी भरपूर उगवते. तिचा रस द्यावा का? त्याने आईची स्मरणशक्ती परत येईल का? तेच माझ्या बारावीतल्या मुलीलाही द्यावे का?

सप्रेम नमस्कार.

सविस्तर उत्तराआधी एक गोष्ट सांगतो, कारण ती थांबण्यासारखी नाही. आईंना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. आठ-नऊ महिने टिकलेले आणि वाढत चाललेले विस्मरण, त्यात गॅसवर राहिलेले दूध, एवढ्यावरून तपासणी करणे आवश्यक ठरते. ब्राह्मी द्यायची की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल. आता तुमच्या प्रश्नांकडे वळतो. मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवले आहे आणि ब्राह्मीविषयी मला मनापासून आदर आहे, त्यामुळे तिच्याविषयी जे ठाऊक आहे ते नीट सांगणे मला कर्तव्यच वाटते.

तुमच्या मामेभावाने पाठवलेला लेख अगदीच निराधार नाही. तो ज्या प्रयोगावर बेतलेला असावा, तो प्रयोग खरोखर झालेला आहे. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. एस. के. भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले हे काम २००० साली प्रसिद्ध झाले. ब्राह्मीच्या प्रमाणित अर्काची मात्रा उंदरांना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ५ किंवा १० मिलिग्रॅम या हिशोबाने रोज एकदा तोंडावाटे देण्यात आली, काहींना ७ दिवस, काहींना १४ आणि काहींना २१ दिवस. त्यानंतर मेंदूचे तीन भाग वेगळे करून तपासले गेले: विचार आणि नियोजनाशी संबंध असलेला पुढचा भाग, हालचालींच्या नियंत्रणाशी संबंध असलेला स्ट्रायटम, आणि नव्या आठवणी साठवण्याचे पहिले ठिकाण असलेला हिप्पोकॅम्पस. १४ आणि २१ दिवसांनंतर या तिन्ही भागांमध्ये सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या तीन विकरांची (एन्झाइमांची) क्रियाशीलता वाढलेली आढळली, आणि ती वाढ मात्रेनुसार होती. तुलनेसाठी पार्किन्सनच्या आजारात वापरले जाणारे डेप्रेनिल हे औषधही घेतले होते. त्याने पुढच्या भागात आणि स्ट्रायटममध्ये हाच परिणाम दाखवला, पण हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवला नाही. स्मरणाशी सर्वांत जवळचे नाते असलेल्या भागात ब्राह्मीचा परिणाम दिसला आणि डेप्रेनिलचा दिसला नाही, यामुळे या निष्कर्षाने अनेकांचे लक्ष वेधले, आणि ते योग्यही होते.

या तीन विकरांचे काम समजले, की लेखातील ‘रक्षण’ या शब्दाचा नेमका अर्थ कळतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेतही शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. एवढा प्राणवायू जळताना त्यातला थोडा अर्धवट अवस्थेत सुटतो आणि त्यातून सुपरऑक्साइड नावाचा अस्थिर कण तयार होतो. डिसम्युटेज हे विकर त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करते, म्हणजे जखम धुण्यासाठी आपण जे बाटलीतून वापरतो त्याच द्रव्यात. हे पेरॉक्साइडही तसेच राहू देण्यासारखे नसते, कारण लोहाशी गाठ पडली की त्यातून हायड्रॉक्सिल हा अत्यंत दाहक कण निर्माण होतो. म्हणून कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज लगेच त्याचे निरुपद्रवी पाण्यात रूपांतर करतात. मेंदूला या व्यवस्थेची गरज विशेष असते. त्याच्या पेशींच्या आवरणात लवकर खवट होणारी स्निग्ध द्रव्ये भरपूर असतात आणि लोहही असते, पण कॅटलेज मात्र यकृताच्या मानाने फारच कमी असते. कढईतले तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर जसे खराब होते, तशीच रासायनिक क्रिया पेशीच्या आवरणात हळूहळू होत राहते, आणि ती किती झाली हे प्रयोगशाळेत एका गुलाबी रंगाच्या गडदपणावरून मोजता येते.

ही मोजणी कशी होते ते मी अनेकदा पाहिले आहे, आणि तिचे स्वरूप सांगितल्याशिवाय तिचा निष्कर्ष घरी वापरू नये असे मला वाटते. उंदराचा मेंदू काढून तत्काळ बर्फावर ठेवतात, हवे ते भाग वेगळे करून थंड द्रावणात वाटतात, ते मिश्रण यंत्रात वेगाने फिरवून गाळ खाली बसवतात आणि वर राहिलेल्या निवळ द्रवात विकरांची क्रियाशीलता प्रकाशाच्या शोषणावरून मोजतात. म्हणजे हाती येतो तो त्या द्रवाच्या रसायनाचा आकडा. तो उंदीर काल काय शिकला आणि आज त्यातले किती विसरला, हे या आकड्यातून कळत नाही. शिवाय ते उंदीर निरोगी होते. त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या आजारात साचणारी प्रथिने नव्हती, रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या नव्हत्या आणि थायरॉइडही बिघडलेले नव्हते. तेव्हा या प्रयोगाने ‘निरोगी उंदराच्या मेंदूत ब्राह्मी संरक्षक विकरे वाढवते’ हे दाखवले, आणि ते चांगले दाखवले. तुमच्या आईंच्या विस्मरणाचे कारण ती दूर करते, हे त्या प्रयोगाने तपासलेलेच नाही.

मात्रेविषयीही पुष्कळांचा गैरसमज होतो, म्हणून थोडा हिशोब मांडतो. उंदराची मात्रा किलोवजनाने सरळ गुणून माणसाला लावत नाहीत, कारण लहान प्राण्याचा चयापचय आपल्यापेक्षा बराच वेगवान असतो. रूढ पद्धतीत ती मात्रा सुमारे सहाने भागली जाते. त्यामुळे १० मिलिग्रॅम प्रतिकिलो ही उंदराची मात्रा ६० किलो वजनाच्या माणसासाठी ६०० मिलिग्रॅम होत नाही, जवळपास १०० मिलिग्रॅम होते. हे मी ब्राह्मीच्या बाजूने सांगतो आहे. वनस्पतींवरील कित्येक प्रयोगांत उंदरांना एवढ्या प्रचंड मात्रा दिलेल्या असतात की माणसाला तेवढे देण्याची कल्पनाही करवत नाही. इथे तसे नव्हते. मात्र तो अर्क नेहमीच्या चूर्णापेक्षा कितीतरी तीव्र होता, कारण ब्राह्मीतील मुख्य मानली जाणारी बॅकोसाइड ही द्रव्ये त्यात सुमारे ८२ टक्के होती. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात ही द्रव्ये वेगळी केली आणि त्यानंतरच प्रमाणित अर्क बनवणे शक्य झाले. घरच्या पानांच्या रसात ती किती उतरतील हे झाडाच्या जातीवर, ऋतूवर आणि रस काढण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते.

आता माणसांवरील चाचण्यांकडे येतो, कारण आईंसाठी खरा पुरावा तिथेच शोधायला हवा. ऑस्ट्रेलियात २००१ साली १८ ते ६० वयाच्या ४६ निरोगी व्यक्तींवर झालेल्या चाचणीत रोज ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे दिल्यावर शिकण्याचा वेग आणि शिकलेले पक्के होण्याची क्षमता निष्क्रिय गोळीच्या तुलनेत सुधारलेली दिसली. तिथेच पुढच्या वर्षी ४० ते ६५ वयाच्या ७६ व्यक्तींवर झालेल्या चाचणीत नव्याने शिकलेली माहिती विसरण्याचा वेग कमी झाला. तुमच्या आईंच्या वयाला सर्वांत जवळची चाचणी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातली आहे. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यात ६५ वर्षांवरील, स्मृतिभ्रंश नसलेल्या ५४ जणांना १२ आठवडे रोज ३०० मिलिग्रॅम अर्क किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली, आणि शब्दांची यादी ऐकून काही वेळाने आठवण्याची क्षमता ब्राह्मीच्या गटात सुधारली. २०१० साली ५५ वर्षांवरील ९८ निरोगी ऑस्ट्रेलियन व्यक्तींवरही याच्याशी मिळताजुळता परिणाम दिसला. २०१२ साली अशा सहा चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा स्वतःहून आठवण्याच्या १७ कसोट्यांपैकी ९ कसोट्यांमध्ये फायदा दिसून आला, पण बुद्धीच्या इतर क्षमतांवर परिणामाचा पुरेसा पुरावा मिळाला नाही.

हे सारे मला आश्वासक वाटते आणि तसे म्हणायला मला संकोच नाही. पण या चाचण्यांतील माणसे कोण होती, हे कृपया पुन्हा एकदा पाहा. ती सगळी निरोगी होती. स्मृतिभ्रंश नाही याची खात्री करूनच त्या वृद्धांना चाचणीत घेतले होते. अल्झायमर झालेल्या रुग्णांवर ब्राह्मीचे जे प्रयोग झाले ते थोडे आणि लहान आहेत, आणि त्यांच्या आधारे ‘गेलेली स्मरणशक्ती परत येते’ असे कोणालाही प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. या चाचण्यांत फायदा दिसायला साधारण तीन महिने लागले, आणि ब्राह्मी ऐन वेळी दिल्यावर काही तासांत उपयोग होतो का हे पाहणाऱ्या प्रयोगात तसा उपयोग दिसला नाही.

अँटिऑक्सिडंट म्हणजे मेंदूचे रक्षण आणि रक्षण म्हणजे स्मरणशक्ती, अशी साखळी लेखात गृहीत धरलेली आहे. तिच्याविषयी आणखी थोडे लिहिले पाहिजे. ही साखळी प्रत्यक्षात किती टिकते, हे ई जीवनसत्त्वाने आपल्याला शिकवले आहे. ते नावाजलेले अँटिऑक्सिडंट आहे, स्निग्ध द्रव्यात विरघळते आणि पेशींच्या आवरणातच काम करते, म्हणजे कागदावर त्याच्याहून योग्य उमेदवार शोधूनही सापडला नसता. तरीही सौम्य विस्मरण असलेल्या ७६९ व्यक्तींवर तीन वर्षे चाललेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने अल्झायमरकडे होणारी वाटचाल रोखली नाही. २०१४ साली ६१३ अल्झायमर रुग्णांवरील चाचणीत मोठ्या मात्रेने रोजची कामे करण्याची क्षमता थोडी सावकाश ढासळली, पण स्मरणात फरक पडला नाही. फिनलंडमध्ये तर १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. ब्राह्मीबद्दल असे काही दिसलेले नाही आणि तिची तऱ्हाही वेगळी असावी. ती स्वतः त्या दाहक कणांशी भिडण्यापेक्षा शरीराची स्वतःची विकरे वाढवत असावी, असे वाराणसीच्या प्रयोगावरून वाटते, आणि शरीराच्या अंगभूत व्यवस्थेला बळ देणे ही मला अधिक समंजस वाट वाटते. तरीसुद्धा मेंदूच्या ऊतीत एक रासायनिक बदल दिसला म्हणून माणसाला त्याचा लाभ होतोच, असे मानायला आजवरच्या अनुभवाचा आधार नाही.

आता विहिरीकाठच्या रोपाकडे वळतो. तुम्ही पाने गोल आहेत असे लिहिले आहे, त्यामुळे माझा अंदाज आहे की ती वनस्पती कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी असावी. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, तिलाच सर्रास ब्राह्मी म्हणतात. तिचे पान वाटोळे, कडेला दातेरी, खाली खाच असलेले आणि लांब देठाचे असते, आणि ती जमिनीलगत सरपटत मुळे धरत जाते. वर सांगितलेले सर्व प्रयोग ज्या ब्राह्मीवर झाले, ती नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी. वनस्पतिशास्त्रात तिला बॅकोपा मोनिएरी म्हणतात. तिची पाने लहान, जाडसर, लांबट, जवळजवळ देठ नसलेली आणि समोरासमोर असतात, फुले पांढरी किंवा फिकट जांभळट असतात, आणि चव चांगलीच कडू असते. मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. ती कोथिंबीर आणि गाजराच्या कुळातली, तर नीरब्राह्मी अगदी वेगळ्या कुळातली. भारत सरकारच्या आयुर्वेदिक औषधकोशात या दोघींना वेगवेगळे स्थान दिलेले आहे.

याचा अर्थ तुमच्या विहिरीकाठची वनस्पती कमी प्रतीची आहे असा मुळीच नाही. चरकसंहितेत बुद्धीला हितकर म्हणून जी चार मेध्य रसायने सांगितली आहेत, त्यात पहिले नाव मंडूकपर्णीच्या स्वरसाचे, म्हणजे ताज्या रसाचे, आहे. पुढची तीन म्हणजे दुधातून ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटलेला लगदा. ब्राह्मी या चारांत नाही. तिचे घृत चरकाने अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, प्रकरणात सांगितले आहे. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण परंपरेचा हवाला देताना नेमकी कोणती वनस्पती, कोणत्या रूपात आणि कोणासाठी, हे परंपरेनेही काटेकोरपणे सांगितले होते. एका वनस्पतीवरील प्रयोगाचे फळ दुसरीकडून मिळेल असे धरून चालणे शास्त्राला मान्य नाही, मग ते आधुनिक असो की प्राचीन. मंडूकपर्णी काही आठवडे घेतल्यावर यकृताला सूज आल्याची काही मोजकी उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. भाजीत किंवा चटणीत कधीमधी चार पाने खाण्याला माझी हरकत नाही, रोज पेलाभर रसाला मात्र आहे.

नीरब्राह्मी शोधायला कोणी ओढ्यावर किंवा गटाराच्या कडेला जाऊ नये, हेही इथेच सांगून ठेवतो. ती पाणथळ जागेची वनस्पती आहे आणि पाण्यातील कॅडमियम, शिसे, क्रोमियम, पारा असे जड धातू स्वतःत साठवून घेण्याची तिची क्षमता एवढी चांगली आहे की दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा उपयोग करता येईल का, यावर आपल्या देशातच संशोधन झाले आहे. सांडपाण्यावर वाढलेली ब्राह्मी मेंदूच्या हितासाठी खाणे आणि तिच्याबरोबर शिसे पोटात घेणे, याहून दुर्दैवी गोष्ट दुसरी कोणती असेल?

आता आईंच्या औषधांचा विचार करू, कारण माझी काळजी सर्वांत जास्त तिथे आहे. इंदूरच्या संशोधकांनी २००२ साली नर उंदरांवर केलेल्या प्रयोगात ब्राह्मीच्या मोठ्या मात्रेने रक्तातील थायरॉक्सिन ४१ टक्के वाढल्याचे आढळले होते. उंदरांबाबतचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावू नये हे मी वरच म्हटले आहे आणि तो नियम इथेही पाळायला हवा, पण ज्यांची थायरॉइडची मात्रा रक्तचाचणीवर बेतलेली असते त्यांच्या बाबतीत एवढी शक्यताही दुर्लक्षून चालत नाही. दुसरे असे की ओरेगॉनच्या चाचणीत ब्राह्मी घेणाऱ्यांच्या नाडीचा वेग काळाबरोबर कमी झाला होता. अ‍ॅटेनोलॉल हे औषधही नाडी मंदावते. उद्या डॉक्टरांनी विस्मरणासाठी डोनेपेझिल दिले, तर तेही नाडी मंदावू शकते, आणि ब्राह्मीप्रमाणेच ते मेंदूतील असेटिलकोलिन, म्हणजे स्मरणासाठी लागणारे पेशींमधले निरोप्या द्रव्य, टिकवून धरण्याच्या दिशेने काम करते. तिन्ही एकत्र आल्यावर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो, आणि ७२ व्या वर्षी खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पोटात कळ, मळमळ आणि वारंवार शौचास होणे हे ब्राह्मीचे नेहमीचे त्रास चाचण्यांतही दिसले आहेत. जेवणानंतर घेतल्यास ते कमी होतात.

तुमच्या मामेभावाचा जो आग्रह आहे, की डॉक्टर ‘वय झाले’ एवढेच म्हणतील, त्यामागची निराशा मला समजते. पण आईंच्या वर्णनातच मला सुधारता येण्याजोग्या किमान तीन शक्यता दिसतात. पहिली थायरॉइडची. अनेक वर्षे एकच गोळी चालू असली तरी गरज बदलते आणि थायरॉइड कमी पडले की विस्मरण, मंदपणा आणि उदासी येते, जी म्हातारपणासारखीच दिसते. दुसरी बी १२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची. शाकाहारी वृद्धांमध्ये ती फार आढळते आणि इंजेक्शनाने किंवा गोळीने भरून काढता येते. तिसरी त्या सर्दीच्या गोळीची, आणि तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त शंका आहे. दुकानात सहज मिळणाऱ्या सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते. ते मेंदूतील त्याच असेटिलकोलिनचे काम रोखते ज्याला ब्राह्मी आणि डोनेपेझिल आधार देऊ पाहतात. वृद्धांमध्ये ते रोज घेतल्यास गोंधळ आणि विस्मरण वाढते. रात्री ती गोळी आणि सकाळी ब्राह्मी देणे म्हणजे एका हाताने बादली भरायची आणि दुसऱ्या हाताने तिचे बूड फोडायचे. म्हणून त्या गोळीचे वेष्टन डॉक्टरांकडे नक्की घेऊन जा आणि तिच्या जागी काय देता येईल ते विचारा.

या तिन्हींशिवाय श्रवणशक्ती तपासून घ्या. एकच प्रश्न पुन्हा विचारणारा माणूस कधी कधी उत्तर विसरलेला नसतो, त्याला ते ऐकूच आलेले नसते. एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के प्रमाण ज्या १४ टाळता येण्याजोग्या कारणांशी जोडले, त्यात ऐकू कमी येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, एकाकीपणा आणि दृष्टी मंदावणे यांचा समावेश आहे. निवृत्त शिक्षिकेला दिवसभर बोलायला माणूस नसेल, तर त्याची भरपाई कोणताही अर्क करू शकत नाही, आणि हे मी औषधशास्त्राचा माणूस म्हणूनच लिहितो आहे.

तपासण्या झाल्यावर, कारण स्पष्ट झाल्यावर आणि डॉक्टरांना सांगून मग ब्राह्मी द्यायची असेल, तर मी विरोध करणार नाही. पदवीधर वैद्यांचा सल्ला घ्या, त्यांना सर्व गोळ्यांची यादी दाखवा, आणि लेबलावर बॅकोपा मोनिएरी हे नाव व बॅकोसाइडांचे प्रमाण छापलेला अर्क घ्या. सुटे चूर्ण घेऊ नका. पहिल्या महिन्यात नाडी मोजून लिहून ठेवा, आणि ती मिनिटाला ५५ च्या खाली जाऊ लागली, चक्कर आली किंवा पोट सतत बिघडले, तर अर्क थांबवून डॉक्टरांना कळवा. सहा ते आठ आठवड्यांनी थायरॉइडची चाचणी पुन्हा करून घ्या. १२ आठवड्यांनंतरही काही फरक वाटला नाही, तर मनाला न लावून घेता बंद करा. डॉक्टरांनी दिलेली कोणतीही गोळी ब्राह्मीच्या भरवशावर परस्पर थांबवू नका, विशेषतः अ‍ॅटेनोलॉल, कारण ते एकाएकी बंद केल्यास हृदयाला धोका पोहोचतो. डोक्याला ब्राह्मी तेल चोळण्याने झोप शांत लागत असेल तर अवश्य चोळा, पण त्याचा वर सांगितलेल्या प्रयोगांशी संबंध जोडू नका.

मुलीबद्दल थोडक्यात सांगतो. मी वर सांगितलेल्या चाचण्या प्रौढांवर झाल्या आहेत, परिणाम दिसलाच तर तो तीन महिन्यांनी दिसतो, आणि परीक्षेच्या तोंडावर पोट बिघडण्याची जोखीम घेण्यासारखी नाही. तिला सात-आठ तासांची झोप मिळू द्या. दिवसा शिकलेले मेंदू पक्के करतो ते झोपेतच.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक वही करा. त्यात आईंची सर्व औषधे वेळेनुसार लिहा, विस्मरणाचे प्रसंग तारखेसह लिहा, आणि ते प्रसंग सकाळी जास्त घडतात की ती सर्दीची गोळी घेतल्यावर, हेही टिपा. वहीचे पहिले पान मात्र आईंना स्वतःच्या हाताने लिहायला सांगा, चार ओळी, त्यांना हव्या त्या विषयावर. घरात त्यांनी जुन्या काळी लिहिलेली एखादी टाचणवही किंवा पत्र असेल, तर तेही सोबत न्या. शिक्षिकेच्या अक्षरात आणि वाक्यरचनेत गेल्या काही वर्षांत काय बदलले, हे डॉक्टरांना त्या दोन पानांवरून पाहता येईल.

आपला,
सदरलेखक